तीन कोटेशन जोडली, पण तुलना केली का? दरपत्रक मागवण्यापासून बिल देण्यापर्यंत सगळी माहिती

शेततळ्याला प्लास्टिक टाकायचे असो, मंदिराचा सभामंडप असो, गटाचे गोदाम असो की ग्रामपंचायतीचे गटार. पैसा लाखात जातो, पण काम कुणाला द्यायचे ते टपरीवर चहा पिता पिता ठरते. ‘ओळखीचा माणूस आहे, करून देईल’ एवढ्यावर ॲडव्हान्स हातात पडतो. मग फाइल पुरी करायला तीन कोटेशन लागतात म्हणून ती गोळा होतात, आणि अनेकदा तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर टाइप झालेली असतात.

तीन कोटेशनचा नियम फाइल जाड करण्यासाठी नाही. एकाच कामाला बाजारात काय भाव पडतो, कोण काय माल देतो आणि नंतर कोण जबाबदारी घेतो, हे पैसे देण्याआधी कळावे यासाठी तो आहे. सरकारी कामात तो बंधनकारक आहे. घरच्या आणि गटाच्या कामात तो कुणी सक्तीचा केलेला नाही, पण पैसा आपलाच असल्याने तिथे त्याची गरज जास्तच आहे.

आधी हे शब्द समजून घ्या

दरपत्रक म्हणजेच कोटेशन. ठरावीक काम किंवा माल कोणत्या दराने, किती दिवसांत, कोणत्या अटींवर देणार हे विक्रेत्याने लेखी कळवणे.

निविदा म्हणजे टेंडर. जाहीर सूचना देऊन, ठरलेल्या मुदतीत, बंद लिफाफ्यात किंवा ऑनलाइन दर मागवणे. राज्य सरकारच्या ई-निविदा ‘महाटेंडर्स’ या संकेतस्थळावर निघतात आणि त्या कुणालाही मोबाइलवर पाहता येतात.

अंदाजपत्रक म्हणजे इस्टिमेट. कामाला किती माल, किती मजुरी आणि किती खर्च लागेल याचा इंजिनिअरने काढलेला हिशोब. सरकारी कामात तो दरसूचीवरून काढतात.

बयाणा रक्कम म्हणजे निविदा भरताना ठेकेदाराने ठेवायची रक्कम. काम मिळाल्यावर तो मागे हटला तर ती जप्त होऊ शकते. सुरक्षा ठेव मात्र काम मिळाल्यानंतर, काम नीट व्हावे म्हणून घेतात.

एल-वन म्हणजे अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये सर्वांत कमी दर असलेला. यातले ‘अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अटीत न बसणाऱ्याचा दर कितीही कमी असला तरी तो एल-वन होत नाही.

पहिले काम: काय पाहिजे ते कागदावर लिहा

गडबड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. एका दुकानदाराला फोनवर सांगितले, ‘तळ्याला कागद टाकायचाय’. दुसऱ्याला सांगितले, ‘चांगला जाड कागद पाहिजे’. तिसरा स्वतः येऊन बघून गेला. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिले. आता त्यांची तुलना करणे म्हणजे ज्वारीचा भाव कांद्याशी लावणे.

म्हणून दर मागण्याआधी एका कागदावर एवढे लिहून काढा:

- कामाची मापे: लांबी, रुंदी, खोली किंवा उंची. मीटर की फूट, तेही लिहा.
- मालाचा प्रकार: जाडी, ग्रेड, आयएसआय मार्क, आयएस क्रमांक.
- कामात काय काय धरायचे: वाहतूक, उतरवणे, बसवणे, जोडणी, चाचणी.
- आपण काय देणार: पाणी, लाइट, मजूर, जेसीबी.
- काम किती दिवसांत पाहिजे.
- पैसे किती टप्प्यांत देणार.

मापांच्या शब्दांत फसगत होते. वाळू-खडीत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. पण प्लास्टर आणि फरशीच्या बोलीत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. नुसते ‘ब्रासचा दर’ लिहिलेले कोटेशन आले तर कशाचा ब्रास ते विचारून घ्या. सळईचेही तसेच. १२ एमएम सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो असते, म्हणजे १२ मीटरची एक सळई सुमारे १०.६६ किलो भरते. एकाने नगाचा दर दिला आणि दुसऱ्याने किलोचा, तर आधी दोन्ही किलोवर आणा, मगच बोला.

कुणाकडून मागवायचे?

किमान तीन ठिकाणांहून, जमल्यास चार-पाच. सगळे एकाच बाजारपेठेतले नकोत. तालुक्याच्या गावातले दोन घेतले तर एक जिल्ह्याच्या ठिकाणचा घ्या. एकाच गल्लीतल्या दुकानदारांचे आपसात बोलणे असते, बाहेरच्याचा दर आला की खरा भाव उघड होतो.

ज्याला विचारायचे त्याने असे काम आधी कुठे केले ते विचारा आणि ते काम प्रत्यक्ष जाऊन बघा. निदान दोन हंगाम जुने काम बघावे. नवे काम सगळ्यांचेच चांगले दिसते.

जीएसटी क्रमांक तपासा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की दुकानाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की बंद, हे मोफत दिसते. कंपोझिशन योजनेतला व्यापारी बिलावर वेगळा जीएसटी लावू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

मागणीपत्र असे लिहा

सगळ्यांना एकच मजकूर, एकाच दिवशी पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल, पण उत्तर लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. नमुना असा:

‘आमच्या शेततळ्याच्या अस्तरीकरणासाठी दरपत्रक पाहिजे. वरचे माप ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक. फिल्म ५०० मायक्रॉन, रिइन्फोर्स्ड एचडीपीई, आयएस १५३५१ प्रमाणे, बीआयएस मार्कसह. दर प्रति चौरस मीटर द्यावा. त्यात फिल्म, वेल्डिंग आणि वाहतूक यांचे दर वेगवेगळे दाखवावेत. जीएसटी किती टक्के आणि दरात धरला आहे की वेगळा, ते लिहावे. मोजणी कशी करणार ते लिहावे. काम पूर्ण करण्याचे दिवस, गॅरंटीचा काळ व गॅरंटीत काय बसते, आणि हा दर किती दिवस कायम राहील तेही कळवावे. दरपत्रक अमुक तारखेला सायंकाळी ५ पर्यंत बंद पाकिटात द्यावे.’

शेवटची तारीख घालायला विसरू नका. आणि एकाचा दर दुसऱ्याला सांगू नका. ‘तो तर नव्वद रुपये म्हणतोय’ असे बोलून गेलात की पुढचा स्वतःचा हिशोब करत नाही, नव्वदच्या खाली एक रुपया लावून मोकळा होतो. मग तो रुपया मालातून काढतो.

गट, मंडळ किंवा कंपनीचे काम असेल तर पाकिटे सर्वांसमोर उघडा. प्रत्येक कागदावर तारीख टाकून हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. कोणाचा किती दर आला ते तिथेच इतिवृत्तात लिहा. या दहा मिनिटांच्या कामामुळे पुढची वर्षभराची कुजबुज वाचते.

तुलना: एकाच मापावर आणा

वरच्याच तळ्याचे उदाहरण घेऊ. खालचे दर फक्त हिशोब समजण्यासाठी धरले आहेत, ते बाजारभाव नाहीत.

आधी क्षेत्रफळ. वर ३० × ३० मीटर, उतार एकास एक आणि खोली ३ मीटर म्हणजे तळ २४ × २४ मीटर. तळाचे ५७६ चौरस मीटर, चार बाजूंचे मिळून सुमारे ४५८. वर काठावर चरात दाबायला चारही बाजूंनी एक मीटर धरले तर आणखी १२४. एकूण सुमारे १,१६० चौरस मीटर. हा आकडा आपल्याकडे असला की कुणी १,४०० मीटरचे बिल लावले तर लगेच विचारता येते.

आता तीन कोटेशन आली.

पहिला विक्रेता: फिल्म ९२ रुपये, वेल्डिंग ८ रुपये, जीएसटी १८ टक्के वेगळा, वाहतूक ६,००० रुपये वेगळी.

दुसरा विक्रेता: १२० रुपये, त्यात फिल्म, वेल्डिंग, वाहतूक, जीएसटी सगळे.

तिसरा विक्रेता: ‘संपूर्ण काम ठोक १,२५,००० रुपये’. मायक्रॉन लिहिलेले नाही, आयएस क्रमांक नाही, जीएसटीचा उल्लेख नाही.

नुसते वरवर बघितले तर ९२ आणि १२० मध्ये २८ रुपयांचा फरक. कुणीही पहिल्याला काम देईल. आता पूर्ण हिशोब बघा.

पहिला: १,१६० × ९२ = १,०६,७२०. वेल्डिंग १,१६० × ८ = ९,२८०. बेरीज १,१६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २०,८८०. वाहतूक ६,०००. एकूण १,४२,८८० रुपये.

दुसरा: १,१६० × १२० = १,३९,२०० रुपये. वर काही नाही.

म्हणजे ‘महाग’ वाटणारा दुसरा ३,६८० रुपयांनी स्वस्त पडला.

तिसऱ्याचे काय? त्याचा आकडा सगळ्यांत लहान आहे, पण तो कशाचा आहे हेच माहीत नाही. ३०० मायक्रॉनचा कागद असेल तर तो वेगळ्या मालाचा दर झाला. त्याला लेखी विचारा: जाडी किती, मार्क आहे का, कर धरून की सोडून? उत्तर लेखी आले तर तक्त्यात घ्या. नाही आले तर बाजूला ठेवा. ‘ठोक’ शब्दाला भुलून गेलेले पैसे परत येत नाहीत.

प्रत्येक कामाला असाच तक्ता करा. उभ्या ओळीत विक्रेत्यांची नावे, आडव्या ओळीत मालाचा प्रकार, मूळ दर, कर, वाहतूक, बसवणे, एकूण, मुदत, गॅरंटी, पैशाच्या अटी. जी जागा रिकामी राहील, तिथेच पुढे भांडण होणार हे समजून चाला.

दराशिवाय काय बघायचे?

गॅरंटी: ‘पाच वर्षे गॅरंटी’ या तीन शब्दांना अर्थ नाही. कशाची? फिल्म फाटली तर, की जोड उघडला तर? उंदराने कुरतडले तर? गॅरंटी कंपनीची की दुकानदाराची? दुरुस्तीला येण्याचा खर्च कुणाचा? हे लेखी पाहिजे.

मार्क: मालावर आयएसआय मार्क असेल तर त्याखाली परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का ते कळते. माल उतरवतानाच तपासा, अंथरल्यावर उपयोग नाही.

सेवा: मोटर, स्टार्टर, ठिबक, सौर पंप यांत विक्रीनंतर माणूस येतो का हे दरापेक्षा मोठे आहे. भर उन्हाळ्यात मोटर आठ दिवस बंद राहिली तर वाचवलेले दोन हजार पिकात जातात.

वेळ: पावसाआधी व्हायचे काम जूनमध्ये पूर्ण करून देणारा स्वस्त विक्रेता काय कामाचा? वर्षभराचे पाणी गेलेच.

ही लक्षणे दिसली तर सावध व्हा

- तिन्ही कोटेशनमध्ये एकच टाइप, एकच मजकूर, एकच शुद्धलेखनाची चूक.
- तिन्ही एकाच माणसाने आणून दिली.
- तिन्हींतल्या प्रत्येक बाबीचा दर सारख्याच टक्क्याने वर-खाली.
- कोटेशनवर तारीख नाही, किंवा तारीख काम झाल्यानंतरची.
- एकाचा जीएसटी क्रमांक बंद किंवा पत्ता खोटा.
- दर वर्षी तेच तीन जण आणि आळीपाळीने काम.

निविदा भरणाऱ्यांनी आपसात संगनमत करून दर ठरवणे हा नुसता गावातला ‘समजूतदारपणा’ नाही. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ मध्ये अशा संगनमताला मनाई आहे.

खूपच कमी दर आला तरी हुरळून जाऊ नका. अंदाजपत्रकापेक्षा फार खाली दर भरणारा एक तर काम अर्धवट सोडतो, नाही तर सिमेंट कमी टाकतो. त्याला बाबनिहाय हिशोब मागा. कमी दर कशामुळे परवडतो हे त्याला सांगता आले तर ठीक.

घासाघीस करायची का?

खासगी कामात करायला हरकत नाही, पण रीत पाळा. तक्ता झाल्यावर ज्याची निवड होण्यासारखी आहे त्याच्याशीच बोला. सगळ्यांना पुन्हा पुन्हा फोन करून भाव पाडत बसलात तर पुढच्या वेळी कुणी खरा दर देणार नाही. दर कमी होत नसेल तर दुसरे काही मागा: वाहतूक फुकट, गॅरंटी एक वर्ष जास्त, पैसे एका टप्प्याने उशिरा.

सरकारी कामात हे बंधन आणखी कडक आहे. निविदा उघडल्यावर वाटाघाटी करू नयेत, अपवाद म्हणून केल्याच तर फक्त एल-वनशी, असे केंद्रीय दक्षता आयोगाने ३ मार्च २००७ च्या परिपत्रकात सांगितले आहे.

काम देताना आणि पैसे देताना

तोंडी होकार देऊ नका. एका पानाचा का होईना, लेखी आदेश द्या. त्यात कोटेशनची तारीख, दर, मापे, मुदत आणि गॅरंटी लिहा. दोघांच्या सह्या घ्या.

सगळे पैसे आधी देऊ नका. माल आल्यावर काही, काम झाल्यावर काही, आणि ५ ते १० टक्के रक्कम पहिला पावसाळा किंवा ठरलेला काळ जाईपर्यंत मागे ठेवा. ही अट कोटेशन मागतानाच सांगा, नंतर सांगितली तर वाद होतो.

बिल प्रत्यक्ष मोजणीवर द्या. टेप घेऊन दोघांनी मिळून मोजा आणि मोजलेले लिहून सही घ्या. पैसे बँकेतून द्या, पक्के बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर गॅरंटी मागता येत नाही आणि अनुदानाचे प्रकरणही अडते.

अनुदानातून काम करायचे असेल तर आधी महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळू द्या, मगच खरेदी करा. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल झाले तर अनुदान अडकते. यंत्राच्या खरेदीत कोटेशनबरोबर यंत्राचा चाचणी अहवालही लागतो, म्हणून तो दुकानदाराकडून तेव्हाच मागून घ्या.

ग्रामपंचायतीच्या कामात गावकरी काय विचारू शकतात?

राज्य सरकारच्या कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली. कमी रकमेला दरपत्रके आणि त्यावर ई-निविदा अशी रचना त्यात आहे. रकमेच्या मर्यादा वेळोवेळी शासन निर्णयाने बदलतात. म्हणून ‘या कामाला कोणता शासन निर्णय लावला?’ हा पहिला प्रश्न विचारावा. ग्रामसेवकांनी, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, त्याचा क्रमांक आणि तारीख सांगायला हवी.

दुसरा प्रश्न: कामाचे तुकडे का पडले? एकाच रस्त्याची तीन छोटी कामे दाखवून निविदा टाळणे खरेदीच्या नियमांत बसत नाही.

तिसरा प्रश्न: काम कुणाला मिळाले? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ नुसार, ग्रामपंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा, थेट किंवा आडून, हिस्सा असलेला माणूस सदस्य राहण्यास अपात्र ठरतो.

कागद बघायचे असतील तर माहिती अधिकार अधिनियम २००५ आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमके मागा: ‘अमुक कामाचे अंदाजपत्रक, आलेली सर्व दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती’. ३० दिवसांत उत्तर यायला हवे, नाही आले तर पहिले अपील करता येते.

त्याआधी मोबाइलवर ‘ई-ग्रामस्वराज’ उघडून बघा. आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चाच्या नोंदी तिथे दिसतात. आणि सगळ्यांत सोपा मार्ग ग्रामसभेचा. तुलनात्मक तक्ता सभेत वाचून दाखवा, एवढीच मागणी करा. ज्यांनी खरोखर तुलना केली आहे, त्यांना तो वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

थोडक्यात

- आधी मापे आणि मालाचा प्रकार लिहा, मग दर मागा.
- सगळ्यांना एकच मजकूर, एकच मुदत.
- कर, वाहतूक, बसवणे धरून अंतिम आकडा काढा.
- जाडी, मार्क, गॅरंटी न लिहिलेला ‘ठोक’ दर तक्त्यात घेऊ नका.
- एकाचा दर दुसऱ्याला सांगू नका.
- आदेश लेखी, मोजणी दोघांची, पैसे टप्प्याने आणि बँकेतून.
- न निवडलेली कोटेशनही जपून ठेवा. पुढच्या कामाला तीच उपयोगी पडतात.